हायपर म्हणजे ऊपर: रिपोर्टमधल्या अवघड शब्दांचं तोंड ओळखायचं कसं

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मामांना रात्री अकराच्या सुमारास दवाखान्यात भरती करावं लागलं. वय ७४, मूत्रपिंडाचं दुखणं जुनं. पहाटे मामेभावाचा फोन आला, "ताई, पोटॅशियमची गडबड आहे म्हणताहेत. हायपो झालंय." वॉर्डातून कुणीतरी त्याला फोनवर सांगितलं होतं, त्याने मला सांगितलं आणि मी मामीला. मामी सकाळी सातला हजर. थर्मासमध्ये दोन शहाळ्यांचं पाणी, पिशवीत अर्धा डझन केळी. पोटॅशियम कमी झालं की नारळपाणी आणि केळी द्यायची, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने थर्मासचं झाकण उघडलं आणि तेवढ्यात सिस्टर आत आली. "माताजी, ये क्या पिला रहे हो? इनका पोटैशियम तो बढ़ा हुआ है!"

रिपोर्टवर आकडा होता ६.२ आणि शब्द होता हायपरकॅलेमिया. तीन फोनांच्या प्रवासात 'हायपर'चं 'हायपो' झालं होतं.

रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं लागतं. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि थकलेल्या मूत्रपिंडाला जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर. म्हणजे मामींनी मायेने जे आणलं, नेमकं तेच त्या दिवशी मामांना द्यायचं नव्हतं. मामा सुखरूप घरी आले. पण मी स्वतः वीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, आणि फोनवर मी 'आकडा किती?' एवढं साधंसुद्धा विचारलं नाही, ही टोचणी अजून जात नाही. हा लेख त्या टोचणीतून आला आहे.

दुसरं निमित्त आपल्या मध्य प्रदेशातलं. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं प्रकाशित झाली. तेव्हापासून डॉक्टरी आपल्या भाषेत शिकता येईल का, हा विषय इंदूरच्या मराठी घरांतही निघतो. घरातलं कुणी ना कुणी मेडिकलला असतंच. त्या पुस्तकांत वाक्यं हिंदीत आहेत, पण शास्त्रीय शब्द बहुतेक तेच, फक्त देवनागरीत लिहिलेले. म्हणजे भाषा बदलली तरी हायपर आणि हायपो आपल्या दारात उभेच आहेत. शिवाय आता रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी आपल्या मोबाइलवर येतो. लॅबच्या खिडकीवर मी रोज बघते, लोक कागद हातात घेऊन तिथेच थबकतात आणि विचारतात, "बाई, हे वाईट आहे का हो?"

राजवाड्याच्या मागे की समोर?

इंदूरला नवख्या माणसाला पत्ता सांगताना आपण म्हणतो, राजवाड्याच्या समोर, राजवाड्याच्या मागे, राजवाड्याच्या जवळ. राजवाडा तोच, तरी 'मागे'च्या जागी 'समोर' ऐकलं तर माणूस उलट्या दिशेला जातो.

वैद्यकातले लांबलचक शब्द असेच बांधलेले असतात. मधे मूळ शब्द असतो, तो आपला राजवाडा. त्याच्या आधी एक छोटा तुकडा जोडतात आणि तो दिशा सांगतो: वर, खाली, आत, बाहेर, आधी, नंतर, कमी, जास्त, नाही. या पुढच्या तुकड्याला व्याकरणात उपसर्ग म्हणतात. शेवटी आणखी एक तुकडा, म्हणजे प्रत्यय, जो गोष्ट कशाबद्दल आहे ते सांगतो. शेवटी 'एमिया' असेल तर गोष्ट रक्तातली, 'युरिया' असेल तर लघवीतली, 'आयटिस' असेल तर सुजेची.

आता मामांचा शब्द सोडवून बघू. हायपर, कॅल, एमिया. 'कॅल' हे कॅलियमचं, म्हणजे पोटॅशियमच्या लॅटिन नावाचं छोटं रूप. शाळेत पोटॅशियमची खूण 'के' का शिकवली, त्याचं उत्तर हेच. जास्त, पोटॅशियम, रक्तात. हायपोग्लायसेमिया म्हणजे कमी, गोड, रक्तात. रक्तातली साखर उतरली. मधुमेहाच्या माणसाला घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, ते हेच. ७० च्या खाली साखर गेली की डॉक्टर हा शब्द वापरतात.

एवढा मोठा शब्द, आणि आत नुसती तीन नेमकी माणसं बसलेली.

हे तर आपले नातेवाईक निघाले

माझे आजोबा आम्हाला रामबागेतल्या घराच्या ओट्यावर बसवून संस्कृतचे उपसर्ग म्हणायला लावायचे. प्र, परा, अप, सम्, अनु, अव... असे बावीस. मग ते 'हार' शब्द घ्यायचे. त्याला 'आ' लावला की आहार, 'प्र' लावला की प्रहार, 'सम्' लावला की संहार, 'वि' लावला की विहार, 'परि' लावला की परिहार. शब्द एकच, पण पुढचा तुकडा त्याला जेवणाच्या ताटापासून थेट मारामारीपर्यंत ओढून नेतो. तेव्हा मला तो खेळ वाटायचा. पुढे लॅबचा कोर्स करताना लक्षात आलं, की आजोबांनी अर्धा अभ्यास आधीच करून घेतला होता.

कारण वैद्यकातले बहुतेक उपसर्ग ग्रीक आणि लॅटिन आहेत, आणि या दोन्ही भाषा संस्कृतच्या बहिणी. हे साम्य विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीतल्या भाषणात जाहीरपणे मांडलं. म्हणजे हे शब्द आपल्या दूरच्या चुलत घरातले आहेत. चेहरा थोडा बदललाय, पण नाक तेच.

'नाही' या अर्थाचा अ घ्या. मराठीत व्यंजनापुढे अ लागतो आणि स्वरापुढे अन्: अशक्त, अपुरा, पण अनावश्यक, अनुत्तीर्ण. ग्रीकमध्ये अगदी हाच नियम आहे. झोपेत श्वास थांबतो त्या स्लीप अ‍ॅप्नियामध्ये 'अ' आहे, आणि लघवी जवळजवळ बंद होते त्या अन्युरियामध्ये 'अन्'. करोनाच्या दिवसांत घराघरांत पोहोचलेला 'एसिम्प्टोमॅटिक' आठवा, म्हणजे लक्षणं नसलेला. इंग्रजी उच्चाराने त्या 'अ'चा 'ए' केला म्हणून तो आपल्याला ओळखू येत नाही, एवढंच. (व्याकरणात काटेकोर असणारे म्हणतील, हा अ बावीस उपसर्गांत येत नाही, त्याचा हिशेब वेगळा. बरोबर आहे. काम मात्र तेच.)

'डिस्' म्हणजे आपला दुस् किंवा दुर्: दुष्काळ, दुर्गंध, दुर्दैव. डिस्प्निया म्हणजे श्वासाला त्रास, डिस्युरिया म्हणजे लघवीला त्रास. आणि मला सर्वांत आवडतो तो शब्द: डिसेंट्री. पोटात कळ येऊन आव पडते, ती डिसेंट्री. 'डिस्' म्हणजे दुर्, आणि पुढचं 'एंटेरॉन' म्हणजे आतडं. हे एंटेरॉन आपल्या 'आंत्र'चं सख्खं नातेवाईक. आपलं 'आतडं'ही त्याच घरातून आलं. म्हणजे डिसेंट्री हा शब्द डोक्यापासून पायापर्यंत आपल्या ओळखीचा, आणि आपण त्याला परका समजून बसलो. अपचनाला म्हणतात तो डिस्पेप्सिया तसाच. 'पेप्सिस' म्हणजे शिजणं, पचणं, आणि ते 'पच्' धातूच्याच कुळातलं.

'यु' म्हणजे आपला सु. थायरॉइडचं काम नीट चालू असेल तर रिपोर्टवर 'युथायरॉइड' असं येतं. लोक त्या शब्दाला घाबरतात! अहो, ती तर चांगली बातमी.

'पेरी' म्हणजे परि, भोवती. नर्मदेची परिक्रमा आपल्यापैकी अनेकांच्या घरात कुणीतरी केलेली असते, त्यामुळे हा वेगळा शिकवायची गरज नाही. हृदयाभोवती जी पिशवी असते तिला पेरीकार्डियम म्हणतात आणि तिला सूज आली की पेरीकार्डायटिस.

आणि 'हेमी' म्हणजे अर्धा. एका बाजूचं अंग लुळं पडतं त्याला डॉक्टर हेमिप्लेजिया म्हणतात, आपण अर्धांगवायू म्हणतो. दोन्हीकडे पुढे 'अर्धा' आहे. त्याहून गंमत मायग्रेनची. हा शब्द मुळात ग्रीक 'हेमिक्रेनिया', अर्धी कवटी. फ्रेंचांच्या तोंडी घासून घासून त्याचं पहिलं 'हे' गळालं आणि मायग्रेन उरलं. आपली आजी त्याच दुखण्याला अर्धशिशी म्हणायची. अर्ध आणि शीर्ष. दोन संस्कृतींनी एकच दुखणं बघितलं, आणि दोघींनी अर्धं डोकं धरून एकच नाव ठेवलं. हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी लॅबमध्ये भेटेल त्याला हेच सांगत होते.

सर्वांत फसवी जोडी

आता पुन्हा हायपर आणि हायपो. ऐकायला जुळे भाऊ, अर्थाने दोन टोकं. पण इंदूरच्या माणसाला हे विसरायला व्हायचंच नाही. 'हायपर' हा संस्कृत 'उपरि'चा भाऊ, आणि उपरिपासूनच हिंदीतलं 'ऊपर' आलं. हायपर म्हणजे ऊपर. 'हायपो' हा आपल्या 'उप'चा भाऊ. उपमहापौर महापौरांच्या खाली, उपसंपादक संपादकांच्या खाली. हायपो म्हणजे खाली, कमी.

इतकं पाठ झालं तरी एक जागा अशी आहे की तिथे हुशार माणूसही घसरतो. परवाच लोकमान्यनगरच्या एक काकू खिडकीशी आल्या. हातात थायरॉइडचा रिपोर्ट. टीएसएच ११.४, शेजारी ठळक 'एच', म्हणजे हाय. काकू म्हणाल्या, "मुलगा बंगळूरहून सांगतोय, हाय आहे म्हणजे तुला हायपरथायरॉइड झालंय. पण डॉक्टरांनी पर्चावर हायपो लिहिलंय. चुकलं ना त्यांचं?"

डॉक्टरांचं चुकलं नव्हतं. मुलाने उपसर्ग बरोबर वाचला, पण तो भलत्याच आकड्याला लावला. टीएसएच हे थायरॉइडचं संप्रेरक नव्हे. ती मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या ग्रंथीने थायरॉइडला पाठवलेली ऑर्डर आहे. मी काकूंना नळाचं उदाहरण दिलं. नर्मदेचं पाणी जलूदहून पंपांनी चढवून आपल्याकडे येतं. नळाला धार बारीक झाली की कॉलनीतून झोन कार्यालयात फोनांवर फोन जातात. धार भरपूर असली की कुणी फोन करत नाही. आता कार्यालयातल्या माणसाने नुसते फोन मोजले आणि 'आज आकडा वाढलाय, म्हणजे पाणी भरपूर असणार' असं म्हटलं, तर चालेल का? टीएसएच म्हणजे ते फोन. थायरॉइड सुस्तावली की मेंदू हाकांवर हाका मारतो आणि टीएसएच चढतं. म्हणून टीएसएच हाय आणि आजार हायपो. बहुतेक वेळा असंच असतं. नक्की काय ते डॉक्टर टी-फोर, म्हणजे खुद्द थायरॉइडचं संप्रेरक, वगैरे बघून ठरवतात. काकूंनी तिथेच मुलाला फोन लावला आणि नळाची गोष्ट जशीच्या तशी ऐकवली.

दुसरा गोंधळ हायपरटेन्शनचा. आमच्या शेजारचे एक काका गोळी घ्यायला तयारच नव्हते. म्हणायचे, "मी सुखी माणूस. पोरं मार्गाला लागली, पेन्शन चालू आहे, मला कसलं टेन्शन? आणि हे म्हणे हायपरटेन्शन!" आपण 'टेन्शन' शब्द काळजीसाठी वापरतो, त्याचा हा परिणाम. इथे टेन्शन म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा ताण, रक्ताचा दाब. दवाखान्यात पुन्हा पुन्हा मोजून तो १४० आणि ९० किंवा त्याच्या वर राहिला, तर निश्चिंत माणसालाही हायपरटेन्शन असतं. अनेकांना त्याचं एकही लक्षण जाणवत नाही. काळजीने दाब वाढू शकतो हे खरं, पण शब्दाचा अर्थ तो नव्हे. काका आता गोळी घेतात.

इथे एक बारीक गोष्ट सांगते, कारण पुढे ती लागेल. हायपो कधी मोजमाप सांगतो, कधी जागा. हायपोग्लायसेमियात 'कमी'. पण इंजेक्शनच्या सुईला हायपोडर्मिक म्हणतात तिथे 'त्वचेच्या खाली'. पोटाच्या रिपोर्टमध्ये उजवा हायपोकॉन्ड्रियम असा शब्द आला, तर काही कमी झालेलं नसतं. तो बरगड्यांच्या कूर्चेखालचा भाग आहे, जिथे यकृत असतं.

सोनोग्राफीतला हायपो म्हणजे आजार नव्हे

लॅबच्या शेजारीच सोनोग्राफी सेंटर असल्याने तिथले घाबरलेले लोकही माझ्याकडे येतात. "हायपोएकोइक लीजन लिहिलंय. म्हणजे कॅन्सर का?"

शब्द उघडू. सोनोग्राफीचं यंत्र शरीरात ध्वनिलहरी सोडतं आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनींचं चित्र काढतं. एको म्हणजे प्रतिध्वनी. जिथून प्रतिध्वनी जास्त येतो ती जागा पडद्यावर उजळ दिसते: हायपरएकोइक. जिथून कमी येतो ती काळपट: हायपोएकोइक. जिथून काहीच येत नाही ती काळीकुट्ट: अ‍ॅनएकोइक, पुन्हा आपला स्वरापुढचा अन्. पाणी असंच दिसतं, म्हणून भरलेलं मूत्राशय किंवा साधी पाण्याची गाठ अ‍ॅनएकोइक असते. आणि शेजारच्या भागासारखीच दिसली तर आयसोएकोइक. 'आयसो' म्हणजे समान. लीजन म्हणजे नेहमीपेक्षा वेगळा दिसणारा भाग.

म्हणजे तो शब्द चित्राचा रंग सांगतो, निदान सांगत नाही. एखाद्याने 'कुडत्यावर काळपट डाग आहे' म्हटलं, तर तो शाईचा की तेलाचा हे अजून कळलेलं नसतं. डाग बघून पुढचं ठरवायला डॉक्टर आहेत. सीटी स्कॅनमधले हायपोडेन्स, हायपरडेन्स आणि एमआरआयमधले हायपरइंटेन्स हेही याच जातीचे.

एवढं समजावून सांगितलं की माणसाचा श्वास खाली बसतो. मी रोज बघते ते.

देवनागरीत लिहिलं की सोपं होतं का?

काही ठिकाणी होतं. काही ठिकाणी उलट अवघड होतं, आणि हे हिंदी पुस्तकांच्या चर्चेत कुणी फारसं बोलत नाही.

गरोदर बाईची एकच फाइल घ्या. वर लिहिलेलं असतं अँटीनॅटल तपासणी. आत, तिचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर, अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आसपास अँटी-डी इंजेक्शनची नोंद. दोन्हीकडे 'अँटी'. पण पहिला लॅटिन 'आंते', म्हणजे आधी: जन्माआधीची तपासणी. दुसरा ग्रीक 'अँटी', म्हणजे विरुद्ध: बाळाकडून आईच्या रक्तात आलेल्या डी घटकाच्या विरुद्ध काम करणारं औषध. रोमन लिपीत एका अक्षराचा फरक तरी डोळ्याला दिसतो. आपल्या बोलण्यात आणि देवनागरीत तो पुसलाच जातो. तिथे पुढचा शब्द बघूनच अर्थ लावावा लागतो. 'नॅटल' म्हणजे जन्म. जन्माच्या विरुद्ध कुणी दवाखाना काढणार नाही.

इंटर आणि इंट्रा या जोडीत देवनागरी कामाला येते, कारण फरक लिहिलेला दिसतो. इंटर म्हणजे दोघांच्या मध्ये. इंटरसिटी गाडी एका शहरातून दुसऱ्या शहरात जाते, आंतरजातीय विवाह दोन जातींत होतो. पाठीच्या एमआरआयमध्ये इंटरव्हर्टिब्रल डिस्क येते, ती दोन मणक्यांच्या मधली गादी. इंट्रा म्हणजे एकाच्याच आत, आपलं अंतर्गत. सलाइन लावताना म्हणतात तो आय. व्ही. म्हणजे इंट्राव्हेनस, शिरेच्या आत. गरोदरपणाच्या पहिल्या सोनोग्राफीत 'इंट्रायुटेरिन' हा शब्द दिसला तर मनाला बरं वाटू द्या, गर्भ गर्भाशयाच्या आत, जिथे असायला हवा तिथेच आहे. त्याऐवजी 'एक्टोपिक' असेल तर गर्भ जागेच्या बाहेर आहे. तेव्हा शब्दाचा विचार करत बसायचं नसतं, त्याच पावली डॉक्टर गाठायचा.

राहिले प्री आणि पोस्ट. प्री आपल्या 'प्र'च्या घरातला, पोस्ट 'पश्चात'च्या. पीपी शुगरमधला पहिला पी हा पोस्ट, जेवणानंतरची साखर, दोन तासांनी. आणि उपाशीपोटी १०० ते १२५ आली की प्री-डायबेटिस, मधुमेहाच्या आधीची पायरी. इंदूरच्या सराफ्यात, तिथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, मनसोक्त खाऊन सकाळी तपासणीला येणाऱ्यांना हा 'प्री' मी जरा आवाज चढवून समजावते, कारण या पायरीवरून मागे फिरता येतं.

हे सगळं मराठीतच का नाही करत?

हा प्रश्न मला मनापासून पटतो. उच्च रक्तदाब, अर्धांगवायू, अतिसार हे शब्द कुठल्याही परक्या शब्दाला हार जात नाहीत, ते वापरायलाच हवेत. पण रिपोर्टचा कागद इंदूरहून पुण्याला, पुण्याहून वेल्लोरला जातो, आणि सगळीकडच्या डॉक्टरांनी तो सारखाच वाचायला हवा. ग्रीक वैद्यांनी आजारांना नावं दिली, पुढे युरोपातली विद्यापीठं कित्येक शतकं लॅटिनमध्ये शिकवत राहिली, आणि त्या दोघींची सरमिसळ जगभर रुजली. म्हणूनच मूत्रपिंडाच्या डॉक्टरला ग्रीकमधून नेफ्रॉलॉजिस्ट म्हणतात आणि मूत्रपिंड निकामी झालं की लॅटिनमधून रीनल फेल्युअर. हायपरटेन्शनमधला हायपर ग्रीक आहे, टेन्शन लॅटिन. विचित्र वाटेल, पण आपला 'गैरसमज' तरी काय आहे? गैर अरबी, समज आपली.

उपसर्ग खोटं बोलत नाहीत?

कधीकधी बोलतात. अ‍ॅनिमियाचा शब्दशः अर्थ 'रक्त नसणं'. प्रत्यक्षात रक्त असतं, हिमोग्लोबिन कमी असतं. 'पॅरा' म्हणजे शेजारी, म्हणून पॅराथायरॉइड या थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या, सहसा चार, चिमुकल्या ग्रंथी. त्या कॅल्शियम सांभाळतात, थायरॉइडच्या कामाशी त्यांचा संबंध नाही. आणि पॅरासिटामॉलमधला पॅरा तर रसायनशास्त्रातला, रेणूमध्ये अणूंचा गट कुठे बसलाय ते सांगणारा. त्यावरून तापाचा काहीच अर्थ लागणार नाही.

शिवाय उपसर्ग दिशा सांगतो, अंतर नाही. सोडियम १३३ असलं तरी हायपोनेट्रेमिया, म्हणजे रक्तात सोडियम कमी, आणि ११५ असलं तरी हायपोनेट्रेमियाच. पहिल्यात बहुधा पुन्हा तपासू म्हणतात, दुसऱ्यात म्हातारा माणूस बरळायला लागतो, झटके येऊ शकतात आणि त्याला भरती करावं लागतं. म्हणून शब्दाबरोबर आकडा, आणि आकड्याशेजारी छापलेली त्या लॅबची सामान्य मर्यादा, हे तिन्ही एकत्रच वाचायचं.

"अर्धवट माहितीने लोक स्वतःच औषधं घेतील," असं आमचे एक डॉक्टर म्हणतात. त्यांची काळजी रास्त आहे. थायरॉइडच्या गोळ्या शेजारणीला सांगून वाटणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पण मामांच्या वेळी आमच्यापैकी कुणाकडे अर्धीसुद्धा माहिती नव्हती, आणि तरीही थर्मास भरून गेला होता. उपसर्ग ओळखणारा माणूस डॉक्टरला नेमका प्रश्न विचारतो: "साहेब, वाढलंय की कमी झालंय? मग हे खायचं की बंद करायचं?" एवढं विचारायला डॉक्टरी लागत नाही.

आमच्या घरात त्यानंतर एक ठरलं. फोनवर हायपर आणि हायपो हे शब्द उच्चारायचेच नाहीत. 'वाढलंय' किंवा 'कमी आहे' म्हणायचं, आकडा सांगायचा, आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा. मामांची रक्ततपासणी दर महिन्याला असते. मामी फोन करते ती आता अशी: "लिहून घे. पोटॅशियम चार पॉइंट आठ. मर्यादा साडेतीन ते पाच. आता तू म्हण." मी म्हणते. मग ती विचारते, "नारळपाणी?" मी म्हणते, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही." "बरं," म्हणते, आणि फोन ठेवते.